चौथ्या महिन्याचा नियम

आई आणि बाबा दोघंही आता नाहीत, आणि माझ्या भावाला, शिरीषला, मराठी वाचता येत नाही. त्यामुळे हे लिहायला कोणाची हरकत असायचं कारण उरलेलं नाही. मी गेली कित्येक वर्षं फ्रीमाँटला लेकीच्या घराशेजारी राहते. सकाळी ती आणि जावई ऑफिसला निघाले की मागच्या खोलीत मला पाहिजे तेवढा निवांतपणा मिळतो, आणि निवांतपणा मिळाला की मला सत्तरच्या दशकातलं, न्यू जर्सीतलं ते एक वर्ष आठवतं. चांगलं काही आठवावं म्हणून मी प्रयत्न करून पाहिला. पण मन गायीसारखं ठरल्या खुंट्यापाशीच येऊन उभं राहतं.

आम्ही तेव्हा पिस्कॅटवेला एका दुमजली घराच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. वर घरमालक, एक म्हातारं इटालियन जोडपं. त्यांचा रेडिओ, त्यांच्या लसणाचा वास आणि त्यांची भांडणं ही तिन्ही छतातून आमच्याकडे उतरायची. आमच्याकडून वर काय जात असेल कोण जाणे. फोडणीचा ठसका नक्कीच जात असणार, कारण आईने मिरच्या परतायला घेतल्या की वरून खिडक्या उघडल्याचा आवाज यायचा. आई नागपूरची, तिला जेवण झणझणीत लागायचं. बाबा पुण्याचे, त्यांना आमटीत गूळ हवा. आमटी त्यांच्या पद्धतीची व्हायची आणि आई ताटात वेगळं तिखट घेऊन बसायची. आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर आज साड्यांपासून पाणीपुरीपर्यंत सगळं मिळतं, तिथे पार्किंग मिळवणं हाच काय तो पराक्रम. तेव्हा त्या रस्त्यावर आपलं म्हणावं असं एकही दुकान नव्हतं. तुरीच्या डाळीऐवजी पिवळ्या वाटाण्याची डाळ, खव्याऐवजी रिकोटा चीज, आणि मसाले कोणी न्यूयॉर्कला गेलं तर त्याच्या पिशवीतून. आई या तडजोडींबद्दल कधी कुरकुरली नाही. उलट बेसन नाही म्हणून वाटाण्याची डाळ दळून तिने केलेला झुणका मला आज खऱ्या झुणक्यापेक्षा जास्त आठवतो.

बाबांनी तिथल्याच विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएचडी केली होती आणि एका औषधाच्या कंपनीत त्यांना नोकरी लागली होती. आई गणितात एम.एस्सी. लग्नाआधी नागपूरला कॉलेजात शिकवत असे. अमेरिकेत आल्यावर बरेच दिवस घरी बसली, मग इथली शिक्षकांची परीक्षा दिली, आणि आमच्या गावातल्या ज्युनिअर हायस्कूलला गणिताचं माणूस मिळत नव्हतं म्हणून तिला घेतलं. मीही त्याच शाळेत होते. राजूरकर हे आडनाव कोणाच्या जिभेवर चढत नसे, म्हणून तिथे ती ‘मिसेस आर’ झाली. ती साडीच नेसून जायची. हिवाळ्यात साडीखाली बर्फातले बूट आणि वर बाबांचा जुना ओव्हरकोट. पहिल्या वर्षी मुलांनी तिला चादर गुंडाळलेली बाई म्हटलं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. तिसऱ्या वर्षी तीच मुलं तिच्या वर्गात जागा मिळावी म्हणून ऑफिसात रदबदली करत होती. फळ्यावर लिहिताना तिच्या बांगड्या वाजायच्या, आणि त्या वाजायच्या थांबल्या की वर्ग गप्प व्हायचा, कारण त्याचा अर्थ बाई आता मागे वळून कोणाला तरी उठवणार. शाळेत ती जशी चालायची तशी घरी चालत नसे. मला हे तेव्हाही दिसलं होतं, फक्त त्याला काय म्हणावं ते माहीत नव्हतं.

तिथे सलग तीन वर्षं शिकवलं की नोकरी कायम होत असे. आईचं ते तिसरं वर्ष होतं. ख्रिसमसची सुट्टी संपता संपता तिला सकाळच्या ओकाऱ्या सुरू झाल्या. मी बारा वर्षांची होते, माझ्यानंतर घरात दुसरं मूल झालं नव्हतं, आणि बाबांच्या आईने दर भेटीत त्याची आठवण करून दिलेली होती. बाबा आनंदाने नुसते फुलून गेले. आईसुद्धा आनंदली असावी. पण आठवडाभरात तिने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं आणि दार लोटून सांगितलं, "मिने, शाळेत कोणाला बोलायचं नाही. मैत्रिणींनाही नाही."

"का?"

"चौथा महिना लागला की सांगावं लागतं, आणि सांगितलं की घरी पाठवतात. नियम आहे त्यांचा."

मला खोटं वाटलं. आमच्या विज्ञानाच्या सरांना त्या वर्षी जुळं झालं होतं आणि शाळेने केक कापला होता. मी तसं म्हटलं. आई हसली नाही. "सरांना कुठे पोट येतं," एवढंच म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

आज माझी नात हे ऐकते तेव्हा मी काहीतरी मध्ययुगातलं सांगते आहे असं तिला वाटतं. "बट दॅट्स इल्लीगल, आजी," ती म्हणते. हो बाई, आहे. बेकायदेशीर व्हायच्या आधी ते कायदेशीर होतं, आणि त्यात कोणाला काही वावगंही वाटत नव्हतं. कारण म्हणे बाईच्या तब्येतीची काळजी. शिवाय मुलांना बाईचं पोट दिसलं तर ती विचारात पडतील. मूल झाल्यावर परत यायचं तर मूल ठरावीक वयाचं व्हायला हवं, जागा रिकामी असायला हवी, आणि नोकरी पुन्हा पहिल्यापासून मोजायची. आईची तीन वर्षं पुरी व्हायला जूनपर्यंतचाच अवकाश होता.

तिने ठरवलं की जून गाठायचा. साडी होतीच. नऊवारी नाही, पाचवारीच, पण ती नेसायची तऱ्हा तिने बदलली. निऱ्या जरा डावीकडे आणि सैल, पदर मोठा सोडून पुढून आणून कमरेशी खोचलेला, आत परकराला कापडाचा आणखी एक थर. कडक सुती साड्या तिने काढून ठेवल्या नाहीत, उलट त्याच नेसू लागली, कारण खळीची साडी अंगाला चिकटत नाही, आपला आकार आपण धरून राहते. सकाळी मी पिना घेऊन तिच्याभोवती फिरायचे. मागून, बाजूने, दारातून बघायचे आणि सांगायचे, "दिसत नाही." आम्ही दोघी खूप हसायचो तेव्हा. सगळ्या अमेरिकेला आपण साडीच्या पाच वारांत गुंडाळून ठेवलं आहे असं वाटायचं. त्या महिन्यांत आई मला जशी जवळची वाटली तशी नंतर कधी वाटली नाही.

एका माणसाला मात्र कळलं. कॅरल म्हणून इंग्रजी शिकवणारी बाई होती, आईच्याच वयाची, उंच, आवाज मोठा. ती आईला रोज घरी सोडायची. पहिल्या मुलाच्या वेळी कॅरलला याच शाळेने घरी बसवलं होतं आणि परत आल्यावर तिची आधीची सगळी वर्षं पुसून टाकली होती. तेव्हापासून ती बायकांच्या एका गटात जायची. हे गट तेव्हा गावोगाव निघाले होते. कोणाच्या तरी तळघरात बायका जमायच्या, कॉफी प्यायच्या, आणि घरात जे बोलायची सोय नाही ते बोलायच्या. आई दोन-तीनदा तिच्याबरोबर गेली होती. बाबांना तिने सांगितलं की शिवणाचा वर्ग आहे. एकदा परत आल्यावर मी विचारलं, तिथे काय करतात? आई म्हणाली, "बोलतात. आणि मधे कोणी तोडत नाही."

कॅरल इंग्रजीत जे बोलायची ते मी इथे मराठीत लिहिते. गाडी चालवता चालवता ती एकदा म्हणाली, "सुमा, मला दोन मुलं झाली आहेत. तू कितीही कापड गुंडाळ, तुझी चाल मला कळते."

मी मागच्या सीटवरून ऐकत होते.

"मी कोणाला सांगणार नाही," कॅरल म्हणाली. "पण त्यांनी तुला काढलं तर मला आधी सांग. असे खटले आता ठिकठिकाणी उभे राहताहेत. आमच्याकडे वकील आहे, बाई आहे, फी घेत नाही. तिला अशीच एक शिक्षिका हवी आहे. काम चोख, एकही रजा नाही, तक्रार नाही."

"मला खटला नको," आई म्हणाली. "मला जून हवा."

"दोन्ही मिळेल," कॅरल म्हणाली. ती तशीच होती, सगळं मिळेल असं वाटणारी.

बाबांबद्दल मी अन्याय करू नये म्हणून हेही लिहायला हवं की ते दुष्ट नव्हते. आईवर कधी हात उगारला नाही, आवाजही क्वचित चढवला. रविवारी आमच्याकडे मराठी मंडळी जमायची, तेव्हा बाबा अभिमानाने सांगायचे, "आमची ही अमेरिकन पोरांना गणित शिकवते." अमेरिकन बायका रस्त्यावर उतरल्या आहेत ते योग्यच आहे, आपल्याकडे महाराष्ट्रात तर बायकांच्या शिक्षणाचं काम केव्हाच सुरू झालं, असं ते समजावून सांगायचे, आणि बोलता बोलता रिकामा कप बाजूला धरायचे. तो कप हातातून घेतला जाईल याबद्दल त्यांना शंका नसे. आई किंवा मी तो घेत असू. आईने शाळेत सांगितलेलं नाही हे त्यांना माहीत होतं. सुरुवातीला त्यांनी गंमत म्हणून सोडून दिलं. मग त्यांच्या ऑफिसात कोणीतरी विचारलं असावं की तुझी बायको या अवस्थेत काम करते का, कारण एक दिवस ते घरी येऊन म्हणाले, "लोकांना वाटेल माझा पगार पुरत नाही."

"लोकांना काय वाटायचं ते वाटू दे," आई म्हणाली. "जूनपर्यंत."

"आणि मुलाला काही झालं तर?"

"मुलगाच होणार हे कोणी सांगितलं तुम्हाला? आणि मी शाळेत शिकवते, खाणीत जात नाही."

बाबा पुढे काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे मान्य आहे, असं आम्ही समजलो.

एप्रिल महिना होता. दुपारचा तास, मी वर्गात होते, आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून सेक्रेटरीबाईचा आवाज आला, "मिसेस आर, ऑफिसमध्ये या, प्लीज." अशी नावं दिवसभर पुकारली जात, त्यात काही विशेष नव्हतं. तरी मी बाथरूमला जायचं म्हणून बाहेर पडले. ऑफिसच्या दाराला वरती काच होती. मुख्याध्यापक उभे राहून बोलत होते, हात पाठीमागे, चेहरा अगदी सभ्य. आई खुर्चीत बसली होती. त्यांनी तिला पाण्याचा ग्लास पुढे केला. तो तिने घेतला नाही.

ती बाहेर आली तेव्हा मी भिंतीला चिकटून उभी होते. तिने मला पाहिलं पण थांबली नाही. मी मागोमाग गेले. तिच्या वर्गात फुटबॉल शिकवणारे सर आधीच येऊन उभे होते, हातात तिचाच खडू. म्हणजे तिला बोलावण्याआधीच त्यांना सांगून ठेवलेलं होतं. फळ्यावर अर्धवट समीकरण होतं. आई त्यांना म्हणाली, "एवढं मी पूर्ण करू का?" सरांनी खडू दिला. तिने ते समीकरण शांतपणे सोडवलं, प्रत्येक पायरी मोठ्याने सांगत, नेहमीसारखी. शेवटी उत्तराखाली दोन रेघा मारल्या, पर्स आणि डबा घेतला आणि वर्गाकडे न बघता बाहेर पडली. नंतर मला एक मुलगा म्हणाला, तुझी आई आजारी आहे का? मी हो म्हटलं.

कॅरल तास सोडून धावत आली आणि आम्हा दोघींना घरी घेऊन गेली. गाडीत तिने विचारलं, "कोणी सांगितलं त्यांना? सुमा, मी शपथ घेते, मी नाही."

"माहीत आहे," आई म्हणाली.

"मग कोणी?"

आई बाहेर बघत होती. झाडांना नुकती पालवी फुटत होती, तिकडे ती येते तशी, एकदम, निर्लज्जासारखी. "माझ्या नवऱ्याने," ती म्हणाली. "सकाळी फोन केला. मुख्याध्यापक म्हणाले, फार सद्गृहस्थ आहेत."

त्या संध्याकाळी तिने रोजच्यासारखा स्वयंपाक केला. कोबीची भाजी, वाटाण्याच्या डाळीची आमटी, गूळ घालून. वर म्हातारा कुठलासा बेसबॉलचा सामना ऐकत होता. बाबा हातपाय धुऊन टेबलापाशी बसले. आईने त्यांच्या पानात भाजी वाढली आणि उभ्यानेच विचारलं, "तुम्ही फोन केलात शाळेत?"

"केला," बाबा म्हणाले. "आज ना उद्या कळणारच होतं. लपवाछपवी उघडी पडून नाचक्की होण्यापेक्षा आपण होऊन सांगितलेलं बरं. आपण या देशात नवे आहोत, सुमे. माणूस चांगला आहे तो, माझे आभार मानले त्याने."

"मला का नाही विचारलं?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?" बाबा म्हणाले.

त्यांच्या आवाजात कुठे खोच नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं की आपण तर्काने तिला कळेल असं बोलतो आहोत, आणि ती तर गणिताची बाई. आईने आमटी वाढली. मला वाटतं, त्यांच्यातलं बोलणं तिथे संपलं. पुढे ती दोघं एकाच छताखाली पस्तीस-चाळीस वर्षं राहिली, घर घेतलं, काशीयात्रा केली, माझं लग्न केलं. पण ज्याला बोलणं म्हणतात ते मी नंतर ऐकलं नाही. ‘दूध आणायचंय’, ‘गाडीला तेल घालायचंय’, एवढंच.

त्या शनिवारी कॅरल वकील बाईंना घेऊन आली. तरुण होत्या, लांब केसांची एक वेणी, खांद्याला कापडी पिशवी. आई तयार होती. मी तिला विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली, "आता जून गेलाच आहे, तर खटला तरी घेते." तिने पांढऱ्यावर निळ्या काठाची साडी नेसली, या खेपेला निऱ्या सरळ, पोट जसं होतं तसं दिसेल अशी. बाबा घरी होते आणि त्यांनी स्वतः चहा केला. मी त्यांना चहा करताना त्याआधी पाहिलं नव्हतं. वेलदोडा घातला, बिस्किटं मांडली. बाईंना त्यांनी भारतातल्या स्त्रियांबद्दल इतकं छान सांगितलं की त्या मान डोलवत राहिल्या. मग वकील बाईंनी आईला प्रश्न विचारायला सुरुवात केली. वर्ग किती, रजा किती, कधी तक्रार झाली का. आई नेमकी उत्तरं देत होती. मग त्यांनी विचारलं, "शाळेला कळलं कसं?"

"मी कळवलं," बाबा म्हणाले. "सभ्यपणाने कळवावं म्हणून."

वकील बाईंनी बशीत कप ठेवला. कॅरलने त्यांना आधी सांगितलं नव्हतं असं दिसलं. कदाचित सांगितलं तर त्या येणारच नाहीत अशी तिला भीती असावी. बाई आईला म्हणाल्या, "मला हा खटला घेता येणार नाही. मी उभी राहिले की समोरचा वकील पहिलाच मुद्दा हा काढेल. म्हणेल, नवऱ्याचीच इच्छा होती, आम्ही ती मानली."

"पण नोकरी माझी होती," आई म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "पण न्यायाधीशही कोणाचे तरी नवरेच असतात."

त्या उठल्या. दारात कॅरलने आईला मिठी मारली. आईचे हात खालीच राहिले. बाबा दोघींना गाडीपर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "हुशार मुलगी आहे." मग त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. खटल्यासाठी बाईंना शेजारच्या गावातली एक शिक्षिका मिळाली. तिच्या नवऱ्याने फोन केलेला नव्हता.

शिरीष ऑगस्टमध्ये झाला. बाबांनी रिकोटा आटवून आईकडून पेढे करून घेतले आणि ऑफिसात वाटले. ती बाळंतपणातून उठून दोन आठवडे झाले होते. पुढे मोठ्या कोर्टाने निकाल दिला की पोटुशी शिक्षिकेला असं सरसकट घरी बसवता येणार नाही. तो खटला आमच्या गावाचा नव्हता, दुसरीकडच्या बायकांचा होता, पण नियम आमच्याकडचाही पडला. कॅरलने आनंदाने फोन केला. तिचा आवाज रिसीव्हरमधून मलाही ऐकू येत होता. आई शिरीषला मऊ भात भरवत होती. तिने ऐकून घेतलं, "चांगलं झालं" म्हणाली, फोन ठेवला आणि चमचा पुन्हा त्याच्या तोंडापाशी नेला. तो खाईना. तिने चमचा तसाच धरून ठेवला, किती तरी वेळ, त्याच्याकडे न बघता. शिरीषचे तिने कधी हाल केले नाहीत. त्याला ताप आला तर जागी राहिली, त्याचे सगळे डबे वेळेवर भरले. पण ती त्याला उगीच जवळ ओढून घेत नसे. आज तो साठीकडे झुकला आहे आणि म्हणतो, "मॉम वॉज ऑल्वेज अ लिटल कोल्ड." मी म्हणते, तिचा स्वभावच तसा. नव्हता तिचा स्वभाव तसा.

तिने पुन्हा अर्ज केले. जुन्या शाळेत फुटबॉलचे सर गणितात कायम झाले होते. दोन वर्षांनी लांबच्या एका गावातल्या शाळेने तिला होकार दिला, सप्टेंबरपासून. ती बातमी तिने घरी रात्रीच्या जेवणात सांगितली. बाबा म्हणाले, "वा." मे महिन्यात तिला पुन्हा ओकाऱ्या सुरू झाल्या.

ते बाबांना कळलं नाही. मला कळलं, कारण ती आवाज पाण्याच्या नळाखाली लपवत होती आणि मला तो आवाज आधीपासून माहीत होता. आता नियम तिच्या बाजूने होता, पोट घेऊन शिकवायला कोणी अडवलं नसतं. मी तिला तसं म्हटलंसुद्धा. मी पंधराची होते आणि वर्तमानपत्र वाचत होते. ती म्हणाली, "नियम शाळेचा बदलला, मिने." एवढंच.

त्यानंतरच्या सोमवारी मला शाळेला सुट्टी होती. बाबा कामावर गेल्यावर कॅरलची गाडी दारात आली. आईने शिरीषला माझ्या मांडीवर दिलं आणि वाटेत, मराठीत, सरळ सांगितलं की ती हे मूल ठेवणार नाही, त्याला आता कायद्याने परवानगी आहे, डॉक्टर चांगले आहेत, आणि बाबांना हे कधीही सांगायचं नाही. "तू मोठी आहेस म्हणून सांगते," ती म्हणाली. "विचारत नाही." दवाखान्यात मी शिरीषला घेऊन बाहेरच्या खोलीत बसले. भिंतीला फिका हिरवा रंग होता, कोपऱ्यात लाकडी ठोकळे होते, शिरीष ते रचत होता आणि पाडत होता. समोर एक मुलगी आपल्या आईशेजारी बसली होती. आई मुलीचा हात धरून होती. आमच्या बाजूला ते उलटं होतं, आणि ज्या आईचा हात मी धरायचा ती आत गेली होती.

परत येताना ती मागे टेकून बसली होती, डोळे मिटून. कॅरलने एकदाच विचारलं, "बरी आहेस?" आई म्हणाली, "सप्टेंबरला तिकडे जायचं तर मला गाडी शिकवशील का?" कॅरल म्हणाली, "उद्यापासून." संध्याकाळी आईने उभं राहून पोळ्या केल्या. मी म्हटलं मी करते, तर तिने मला हाताने बाजूला केलं. बाबा जेवताना म्हणाले, "आज आमटीत गूळ विसरलीस वाटतं."

त्या शाळेत तिने निवृत्त होईपर्यंत शिकवलं. त्यामुळे तिचं आयुष्य वाया गेलं असं मला लिहिता येत नाही. तिने विद्यार्थी घडवले, निवृत्तीला सगळं गाव आलं, शाळेने तिच्या नावाने एक बक्षीस ठेवलं. लोक या गोष्टी ऐकतात आणि म्हणतात, शेवटी जिंकल्याच ना त्या. हल्ली ज्या बातम्या येतात, जे कायदे आमच्या डोळ्यांदेखत आले ते डोळ्यांदेखत काही राज्यांत परत घेतले जाताहेत, त्या बघून लेक रागावते, मोर्चाला जाते, मलाही बरोबर नेते. मी जाते. पण घोषणा माझ्या तोंडातून निघत नाहीत. मला दिसतं ते असं की जे मिळालं ते चोरून घ्यावं लागलं, आणि चोरलेल्या वस्तूसारखं ते तिने जन्मभर लपवून वापरलं. ज्या माणसाशी तिला भांडायचं होतं तो रोज तिच्या हातची आमटी जेवत होता, आणि कुठल्याही कोर्टात त्याच्यावर खटला भरता येत नव्हता.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. शोकसभा एडिसनच्या एका हॉलमध्ये झाली. मराठी मंडळी होती, तिचे जुने विद्यार्थी होते, आणि कॅरल होती, काठी घेऊन, केस पांढरेशुभ्र झालेली. ती माझ्या शेजारी पहिल्या रांगेत बसली. शिरीष इंग्रजीत दोन शब्द बोलला. मग बाबा उठले. ऐंशी उलटलेले, पण पाठ ताठ, आवाज खणखणीत. ते मराठीत बोलले. म्हणाले, सुमतीने माझ्या सांगण्यावरून नोकरी केली, तिच्या शिक्षणाचं चीज व्हावं ही माझी धडपड होती. म्हणाले, आजकालच्या पिढीला नवल वाटेल, पण आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांपासून काही म्हणजे काही लपवलं नाही. मागे कोणीतरी काकू हुंदका देत होत्या. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ते खरं वाटत होतं, आणि आता ते कोणी खोडून काढणार नव्हतं.

कॅरलने माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "काय म्हणाला तो?"

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि सांगितलं, "तुम्ही सगळे आलात म्हणून आभार मानतो आहे."